‘जतन’ म्हणायचं की ‘संवर्धन’?

धुळ्याहून प्रश्न : आमच्या वाचनालयात जुन्या पोथ्या आणि चित्रं लोकांना जवळून दाखवायची आहेत. ती कशाने बिघडतात, कशी टिकवतात, हेही सांगायचंय. फलकावर ‘कलावस्तू संवर्धन उपक्रम’ लिहिलं, तर आई म्हणाली, “म्हणजे वस्तू वाढवणार का?” तेव्हापासून शब्द खटकतोय.

जळगावहून : आईंना नेमकं लागलं. ‘संवर्धना’त वाढणं आहेच. वनसंवर्धन, मत्स्यसंवर्धन ठीक. पोथी वाढत नाही, आहे तशी राहिली तरी पुष्कळ. ‘जतन’ हा ‘यत्न’चाच तद्भव, कष्ट त्यातच आले. सरकारी कागदांत ‘जतन व संवर्धन’ जोडीने येतात, पण गावात ‘जतन’ लगेच कळतं.

चाळीसगावहून : ‘जीर्णोद्धार’ मात्र नको. तो म्हटला की जुन्या दगडावर ऑइलपेंट आलाच. जतनात भर घालायची ती पुढे काढता येईल अशीच. अजिंठ्यात १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पोपडे बसवले, ते काम मोलाचं. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. लोकांना हे जरूर सांगा.

नंदुरबारहून : पोथ्या दाखवणार असाल तर हरताळ दाखवाच! लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर तो हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप लावायचा, वाळला की वर नवं अक्षर. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. शाळेतल्या मुलांना वाक्प्रचार पाठ असतो, पिवळा ठिपका कुणी पाहिलेला नसतो. भिंग द्या हातात. फक्त ठिपक्याला बोट लावू देऊ नका, त्यात सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, असतो. आणि पोथीच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत तो श्लोक मोठ्याने वाचा: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नको. मला वाटतं, तुमचा सगळा उपक्रम या शेवटच्या अटीसाठीच आहे. पोथी लोकांपासून लपवायची नाही, ती धरायची कशी हे त्यांना शिकवायचं. पान कोरड्या, स्वच्छ हाताने, दोन्ही बाजूंनी उचलायचं.

धुळ्याहून : फलक बदलला : ‘पोथ्या-चित्रांचं जतन, या आणि शिका’. राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून आमच्याच गावात आहे, वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत, तरी शेजारच्या गल्लीतली माणसं आत गेलेली नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

एक विचारते. पोथी बांधायच्या लाल कापडाला आई ‘बासन’ म्हणते. ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे आज आपण विसरून जाणं समजतो. पण घट्ट बासनामुळेच तर धूळ-कसर लागत नाही, पानं वाकत नाहीत. तुमच्याकडे हा शब्द अजून जुन्या अर्थाने कुणी बोलतं का?