डुप्लिकेट चावीनं गाडी चालू होऊन लगेच बंद का पडते?

होटगी रोडवरून: कारची डुप्लिकेट चावी करून घेतली. लॉक फिरतं, स्टार्टर मारतो, इंजिन क्षणभर धरतं आणि बंद. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतं. मूळ चावीनं त्रास नाही. बॅटरी बदलू का?

अक्कलकोट रोडचा वायरमन: बॅटरीला हात लावू नका राव, ती बरी आहे म्हणून तर स्टार्टर फिरतोय. हे इमोबिलायझरचं काम, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. मूळ चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तांब्याच्या तारेची रिंग असते. चावी ऑन केली की त्या रिंगेत साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरच चिप जागी होऊन आपला कोड पाठवते. बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, दर वेळी नवा आकडा विचारतो आणि चिपला गुप्त सूत्रानं उत्तर द्यावं लागतं. उत्तर चुकलं की इंजिनात इंधन सोडणारे इंजेक्टर बंद. तुमच्या चावीला नुसते दात कापलेत, आत चिप नाही.

जुळे सोलापूर: चिप असूनही असं झालं तर जुडग्यातली दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी बाजूला काढून बघा. दोन चिपा जवळ आल्या की वाचताना घोळ होतो.

होटगी रोडवरून: मग चिप टाकून भागेल?

अक्कलकोट रोडचा वायरमन: नुसती टाकून नाही, ती ईसीयूत नोंदवावी लागते. आरसी बुक आणि मूळ चावी घेऊन जा. कागद न बघता चावी नोंदवून देणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.