खेळानंतरची चर्चा रंगतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवते. मूल्यशिक्षणाच्या तासाला "प्रामाणिकपणा म्हणजे काय?" विचारलं की पाठ केलेली उत्तरं येतात, तीही पहिल्या दोन बाकांवरून. म्हणून खेळातून विषय काढायला लागले. खेळायला सगळे एका पायावर तयार! घोडं अडतं ते नंतर. "कसं वाटलं?" म्हटलं की "मजा आली बाई", आणि संपलं. नाहीतर थेट आरडाओरडा.

खो-खोच्या वेळी मात्र एकदा जमून गेलं. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, उलट फिरता येत नाही, त्यामुळे खो द्यावाच लागतो. पण कुणाला द्यायचा, हे तोच ठरवतो. एक मुलगी अख्खा डाव नुसती बसून होती. वर्गात आल्यावर म्हणाली, "मला कुणी खो दिलाच नाही." एक जण फटकन म्हणाला, "तू हळू पळतेस, मग आउट कोण करणार?" झालं! जिंकायचं की सगळ्यांना खेळवायचं, यावर घंटा झाली तरी जुंपलेलीच. मला मध्ये तोंड उघडावं लागलं नाही. पण हे ठरवून घडवायचं कसं?

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा पोरं नुसती पेटली होती. म्हणून मॅच फीचा विषय काढला. बीसीसीआयने २०२२ मध्ये ती स्त्री-पुरुषांना सारखी केली: कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. बरोबर की चूक? दोन मिनिटांत मुलगे विरुद्ध मुली, आणि मुद्दा राहिला बाजूला.

आता 'कच्चा लिंबू' घ्यायचाय. आउट होऊनही ज्याच्यावर राज्य येत नाही, त्याला आपण सांभाळून घेतो की मोजतच नाही? विषय झकास आहे, पण आमचा कायमचा कच्चा लिंबू तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. त्याला न दुखावता कसं करू? शिवाय तास पस्तीस मिनिटांचा, मैदान दुसऱ्या शाळेबरोबर वाटून घेतलेलं आणि पावसाळ्यात हातात फक्त व्हरांडा.

प्रतिसाद १ (कळवेकर)

ताई, "कसं वाटलं?" विचारूच नका, निकाल द्यायला लावा. मी २०१९ ची वनडे विश्वचषकाची फायनल देशांची नावं झाकून फळ्यावर लिहितो. दोघांचे २४१, सुपर ओव्हरमध्येही दोघांचे १५. 'अ'चे चौकार-षटकार २६, 'ब'चे १७. कप कुणाला? आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग बोलायचं. चिठ्ठी लिहिलेली असली की गप्प बसणाऱ्यांकडेही वाचायला काहीतरी असतं. शेवटी सांगायचं की 'अ' म्हणजे इंग्लंड, 'ब' म्हणजे न्यूझीलंड, बरोबरी झाली तर जास्त चौकार-षटकारवाला जिंकतो या नियमाने कप इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी आयसीसीने तो नियम काढून टाकला. मग खरी धमाल. नियम बदलला, तर जुना निकाल चुकीचा का? यात मुलगे-मुली असे तट पडत नाहीत, आणि मैदानही लागत नाही.

प्रतिसाद २ (घोडबंदरची मावशी)

कच्च्या लिंबासाठी वर्गातलं उदाहरण नकोच गं. "तुमचा चार वर्षांचा भाऊ लंगडी खेळायला आला तर कोणते नियम लावाल?" असं विचार. पोरं आपणहून सूट देतात. मग हळूच पुढचं: "तो सात वर्षांचा झाला तर? सूट कधी काढायची, आणि ते कुणी ठरवायचं?" "त्याला विचारा की" असं कुणीतरी म्हणतंच. तिथे तू गप्प राहायचं.

आणि खेळ आणि चर्चा एकाच तासात कोंबू नकोस. पीटीच्या तासाला खेळव, बोलणं दुसऱ्या दिवशी. तोवर भांडणंही निवतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. चार वर्षांच्या भावाचं या आठवड्यातच करते. कळवेकर, चिठ्ठ्या नावानिशी घेता की बिननावाच्या? आमच्याकडे अक्षरावरून लगेच ओळखतात हो.