इन्सुलेशन टेस्टरच्या कॅलिब्रेशनसाठी रेझिस्टन्स बॉक्स निवडताना

कॅलिब्रेशन म्हणजे मीटरचं रीडिंग ज्ञात किमतीच्या संदर्भ उपकरणाशी ताडून पाहणं. 'संदर्भ उपकरण मीटरपेक्षा चारपट अचूक असलं की झालं' असं त्याबद्दल म्हटलं जातं, आणि साध्या मल्टिमीटरपुरतं ते मान्य. पण इन्सुलेशन टेस्टरला (विद्युतरोधक आवरणाचा रेझिस्टन्स उच्च व्होल्टेजला मोजणाऱ्या मीटरला) नुसती अचूकतेची टक्केवारी पाहून चालत नाही, कारण तिथे संदर्भ म्हणून जोडलेल्या रेझिस्टन्स बॉक्सवर ५०० किंवा १००० व्होल्ट येतात. १ मेगओहमवर १००० व्होल्ट म्हणजे १ मिलीअँपिअर, म्हणजेच १ वॅट. पाव वॅटचे रेझिस्टर जोडून केलेला डिकेड बॉक्स (दहापटीच्या टप्प्यांनी, म्हणजे डिकेडनी, रेझिस्टन्स निवडता येणारा बॉक्स) तिथे तापतो, किंमत सरकते आणि दोष मात्र टेस्टरच्या माथी येतो. म्हणून प्रत्येक डिकेडचं कमाल व्होल्टेज आणि वॅटेज आधी बघा. बॉक्सचं स्वतःचं कॅलिब्रेशनही शक्यतो त्याच व्होल्टेजला करून घ्या. उच्च रेझिस्टन्सची किंमत व्होल्टेजप्रमाणे बदलते आणि १० व्होल्टला काढलेला आकडा १००० व्होल्टला तसाच राहील याची खात्री नसते.

दुसरं म्हणजे गळती, म्हणजे बॉक्सच्या रेझिस्टरला वगळून आडवाटेने जाणारा करंट. १ गिगओहमला (१००० मेगओहमला) समांतर १०० गिगओहमची गळती असली तरी रीडिंग साधारण १ टक्क्याने कमी येतं, आणि तेवढी गळती टर्मिनलवरच्या धुळीतून, दमट हवेतून किंवा टेबलावर लोळणाऱ्या वायरींतूनही होते. गार्ड टर्मिनल (गळतीचा करंट मोजणीतून बाजूला काढणारं जोड-टोक) असलेलाच बॉक्स घ्या, टर्मिनलमधला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वायरी एकमेकींपासून दूर, अधांतरी ठेवा. आणि व्होल्टेज तपासायला लावलेला मल्टिमीटर रेझिस्टन्स मोजताना काढायलाच हवा: त्याचा १० मेगओहम इनपुट समांतर राहिला तर गिगओहमच्या जागी जेमतेम १० मेगओहम दिसतील.