मदत हवी आहे: बॅटरीवरची चेन सॉ अण्णांच्या हातात द्यायच्या आधी काय काय बघू?

नमस्कार मंडळी, वळवाच्या पावसानं आमच्या राधानगरी रोडकडच्या शेतात बांधावरची सुबाभूळ आडवी झालीय, आंब्याच्या पण फांद्या मोडल्यात. वडिलांना आता कुऱ्हाड झेपत नाही आणि पेट्रोलची करवत दोरी ओढून चालू करायची तर त्यांचा खांदा आधीच दुखतोय, म्हणून बॅटरीवरची घेतली, १२ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी). मी दिवसभर गोकुळ शिरगावला कामावर, म्हणजे मी नसताना पण ते ही वापरणारच, सांगून ऐकणाऱ्यातले नाहीत. त्यामुळं सगळं नीट समजल्याशिवाय बॅटरी त्यांच्याकडं द्यायची नाही असं ठरवलंय.

बार आणि चेन बसवलीय, वरच्या बाजूनं दातांची धार टोकाकडं, तेवढं चित्रात दिसतंय. पण थोडं कापलं की चेन खाली लोंबायला लागते. दुकानदार म्हणतो नट अजून आवळा, मला काय ते पटेना. तेलाचं पण तसंच, गावात एकजण म्हणतो गाडीचं काढलेलं ऑइल घाल, शेजारचे काका म्हणतात शेंगतेल घाल, यातलं खरं काय? आणि किकबॅक म्हणतात तो नक्की कशानं येतो, हे अण्णांना समजेल असं कुणीतरी सांगा प्लीज.

प्रतिसाद:
भावा तुला पटलं नाही ते बरोबरच आहे, नटानं चेन ताणत नाही, नट फक्त बार धरून ठेवतो. ताण द्यायचा स्क्रू वेगळा असतो. सगळ्यात आधी बॅटरी काढून बाजूला ठेव, नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही, आणि हातमोजे घाल. मग नट थोडे ढिले करून बारचं टोक वर उचलून धर, चेन खालून बारला टेकेपर्यंत स्क्रू फिरव आणि टोक तसंच वर धरून नट आवळ. आता मधोमध चेन वर ओढून बघ, आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर यायला नकोत, सोडली की परत जागेवर बसली पाहिजे, आणि हातानं ओढली तर न अडकता फिरली पाहिजे. नवीन चेन सुरुवातीला सैल होतेच, घाबरू नको, पण गरम असताना ताणू नको, गार झाली की आखडते आणि बार, शाफ्ट सगळ्यावर लोड येतो.

काढलेलं ऑइल अजिबात नको, त्यात लोखंडाचा कीस असतो, पंप खराब होतो आणि वर ते अंगावर उडतं. शेंगतेलानं चेन चालेल पण करवत महिनाभर पडून राहिली की तेल चिकट होऊन पंप तुंबतो. चेनचं म्हणून वेगळं ऑइल मिळतं तेच घाल. टोकासमोर वीतभर अंतरावर पुठ्ठा ठेवून करवत चालव, तेलाची रेघ उमटली म्हणजे तेल येतंय. बॅटरी बदलली की टाकी बघायची, ही सवयच लाव त्यांना.

प्रतिसाद:
किकबॅकबद्दल लिहितो. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की अख्खी करवत वर आणि मागं, सरळ तोंडाकडं येते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या भागावर खडूनं खूण करून वडिलांना दाखवा. दोन्ही हात, अंगठा मुठीखालून वळवलेला, उभं राहायचं ते बारच्या रेषेत नाही, जरा डाव्या अंगाला. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही, शिडीवर तर नाहीच. पुढच्या मुठीसमोरचा गार्ड पुढं ढकलला की चेन थांबते का हे रोज आधी बघायचं.

आडव्या झाडाचं वेगळंच असतं. खोड दोन्हीकडून टेकलं असेल तर वरून तिसरा हिस्सा कापून बाकीचं खालून, एकाच बाजूला टेकून दुसरं टोक अधांतरी असेल तर उलटं, आधी खालून. नाहीतर बार फटीत अडकतो आणि माणूस ओढाताण करायला लागतो, अपघात तिथंच होतात. चेन मातीला लागू देऊ नका, क्षणात बोथट होते. आणि उभा आंबा पाडायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार, आंबा पाडायचा नाही, मोडलेल्या फांद्याच काढायच्यात. चेन बोथट झाली हे कसं ओळखायचं आणि पावसाळ्यात ठेवायची कशी?

प्रतिसाद:
ढलप्या पडायच्या ऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला आणि जोर लावावा लागला की धार गेली समज. गोल कानस लागते, ३/८ लो प्रोफाइल (हे चेनचं माप) चेनला बहुतेक ४ मिमीची, पण पुस्तकात चेनचा नंबर बघूनच घे. कानस पुढंच ढकलायची, मागं घासायची नाही, आणि प्रत्येक दाताला तेवढेच हात. बारची खाच साफ करून बार अधनंमधनं उलटा बसव म्हणजे एकाच बाजूनं झिजत नाही. ठेवताना टाकी रिकामी कर, बॅटरी अर्धी चार्ज ठेवून घरात कोरड्या जागी, गोठ्यात नको.

धागाकर्ता:
कळलं. रविवारी अण्णांना समोर बसवून बॅटरी न लावताच सगळं एकदा करून दाखवतो. गॉगल आणि बूट आहेत, पण पायाला बांधायचे चेन सॉचे चॅप्स कोल्हापुरात कुठं घालून बघून घेता येतील? उद्यमनगरात, लक्ष्मीपुरीत कुणी बघितलेत का?