पिल्लासाठी इटालियन नाव सुचवाल का?

मदत हवी आहे. लवकरच आमच्याकडे लागोत्तो रोमान्योलो जातीच्या कुत्र्याचं पिल्लू येतंय. मादी आहे, कुरळ्या तपकिरी केसांची, भारी गोड! ही जात इटलीच्या रोमान्या भागातली, जमिनीखालची ट्रफल नावाची अळंबी वासावरून हुडकणारी. म्हणून नावही तिकडचंच ठेवायचंय.

स्टेला मला फार आवडलंय, पण 'स्टे' (थांब) ही आज्ञा शिकवताना तिचा गोंधळ होईल का? रंगावरून नोच्चोला, म्हणजे हेझलनट, हे सुचलं, तर त्याची सुरुवातच 'नो'ने होते. नाव छोटं, लांबून हाक मारता येईल असं हवं. लूका, आंद्रेआ नकोत, ती तिकडे मुलग्यांची नावं आहेत. कुणी स्टेला नावाच्या कुत्रीला 'स्टे' शिकवलंय का? अनुभव नक्की सांगा.