मदत हवी आहे: लॅप टाइमवरून ग्रेनिंग (टायरच्या पृष्ठभागावर रबराचे कण चिकटणं) आणि टायरची झीज वेगळी कशी ओळखायची?

मोंझा 2024 च्या फॉर्म्युला वन शर्यतीचे लॅप टाइम एक्सेलमध्ये मांडतोय. 53 लॅपच्या शर्यतीत फेरारीचा लक्लेर 15 व्या लॅपला टायर बदलायला पिटमध्ये आला आणि हार्ड टायरचा तोच सेट त्याने उरलेले 38 लॅप चालवला. मॅकलारेनचा पियास्त्री दोनदा थांबला आणि अडीच-पावणेतीन सेकंदांनी मागे राहिला. ट्रॅकवर नवं डांबर होतं, पुढच्या डाव्या टायरला ग्रेनिंगचा त्रास होता.

इंधनाची दुरुस्ती अशी केली आहे: लॅपमागे साधारण 2 किलो इंधन कमी होतं, 10 किलोला अंदाजे 0.3 सेकंद, म्हणजे गाडी लॅपमागे 0.06 सेकंदांनी आपोआप वेगवान होते. हे न धरता आलेख काढला की झिजलेला टायरही ठणठणीत दिसतो, ही चूक फार होते. पिटचे इन-आउट लॅप (आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा) आणि पुढची गाडी दीड सेकंदाच्या आत असलेले लॅपही गाळले.

आता अडलंय ते इथे. ग्रेनिंगमध्ये रबराचे बारीक कण पृष्ठभागावर चिकटतात, लॅप टाइम वाढतो, आणि ते कण घासून गेले की टायर पुन्हा पकड देतो. झीज मात्र परत फिरत नाही. पण ड्रायव्हर टायर जपून चालवत असेल तरी आलेखात लॅप टाइम असाच वाढून पुन्हा कमी होतो! या दोन्हींत फरक कसा करता? मी तिसरा सेक्टर (ट्रॅकचा शेवटचा भाग) बघतोय, कारण अस्कारी आणि पाराबोलिका ही वळणं त्यातच येतात. टेलिमेट्रीत (गाडीच्या सेन्सरच्या नोंदींत) वळणाच्या मध्यावरचा किमान वेग बघावा, की थ्रॉटल आधी सोडला का ते? किती लॅपची सरासरी धरता?