बाराटांगची खारफुटी आणि स्नॉर्केलिंग एकाच दिवशी जमेल का?

प्रश्न: जानेवारीत आई-बाबांना घेऊन अंदमानला जात आहोत. खारफुटीतली बोटफेरी आणि स्नॉर्केलिंग एकाच दिवशी होईल का? पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरावे का?

उत्तर १: एका दिवसात जमणार नाही. बाराटांग बेट पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) सुमारे १०० किलोमीटर आहे आणि जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहनांचा ताफा ठरलेल्या वेळीच सुटत असल्यामुळे पहाटेच निघावे लागते. शिवाय तिथल्या खाडीत मगरी असल्याने पाण्यात हातसुद्धा घालू नये. मात्र चुनखडीच्या गुहांकडे जाताना बोट ज्या खारफुटीच्या अरुंद, हिरव्या बोगद्यात शिरते, तिथे ओहोटीच्या वेळी चिखलात उघडी पडलेली कमानदार मुळे हाताच्या अंतरावर दिसतात. तेवढ्यासाठी हा खटाटोप जरूर करा.

उत्तर २: स्नॉर्केलिंगसाठी स्वराज द्वीपावरचा (पूर्वीचे हॅवलॉक बेट) एलिफंट बीच निवडा. मलाही पोहता येत नाही, तरी लाइफ जॅकेट घालून आणि मार्गदर्शकाचा हात धरून मी पोपटमासे प्रवाळ कुरतडताना पाहिले, त्यांचा कुरकुर आवाजही ऐकला. मास्कमध्ये पाणी शिरले तरी घाबरून प्रवाळावर पाय टेकू नका, तो जिवंत असतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. दोन्हींसाठी वेगळे दिवस ठेवतो.